वाटी रिकामी परत जात नाही

असरची नमाज झाली की मोहल्ल्याला एकदम घाई सुटते. कुठे कलिंगड कापले जात असते, कुठे भजीचे पीठ भिजत असते, कोपऱ्यावरच्या गाड्याभोवती खजूर, पपई आणि समोसे घेणाऱ्यांची गर्दी झालेली असते. इफ्तारला अजून अर्धा-पाऊण तास असतो. नेमक्या याच वेळेला आठ-दहा वर्षांची एखादी मुलगी हातात झाकलेली वाटी सांभाळत समोरच्या घराचा जिना चढताना दिसते. वर विणलेला रुमाल, आत गरम खीर. तिची नजर वाटीवरून हलत नाही, कारण सांडली तर घरी बोलणी बसणार असतात.

"काकू, अम्मीनं दिलंय."

काकू खीर आपल्या भांड्यात काढून घेतात. मुलगी वाटीसाठी हात पुढे करते, तेव्हा काकू म्हणतात, "थांब गं, रिकामी वाटी कशी देऊ?" मग त्या वाटीत दोन चकल्या पडतात, गुळाचा खडा पडतो, घरात काहीच नसेल तर चमचाभर साखर पडते. काही घरांत वाटी लगेच परत जात नाही. ती फळीवर थांबते आणि त्या घरी गोडाचे काही झाले की मगच आपल्या घरी जाते.

भांडे रिकामे परत करायचे नाही, हा रिवाज नेमका कुणाचा, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. तो हिंदू घरात आहे, मुस्लिम घरात आहे, ख्रिस्ती घरातही आहे. आजीने आईला सांगितला, आईने मुलीला. मात्र या साध्या रिवाजाच्या मुळाशी जी गोष्ट आहे, तिच्यासाठी कुरआनमध्ये एक खास शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या नावाने एक संपूर्ण सूरह आहे. तो शब्द म्हणजे 'माऊन'.

सूरह माऊन ही कुरआनची १०७ वी सूरह. अवघ्या सात आयतींची. शेवटच्या पाऱ्यात असल्याने आणि छोटी असल्याने मदरशात जाणाऱ्या लहान मुलांनाही ती तोंडपाठ असते, रोजच्या नमाजमध्ये ती वारंवार म्हटली जाते. पाठ असलेल्या गोष्टीच्या अर्थाकडे माणसाचे लक्ष कमी जाते, तसे काहीसे या सूरहचे झाले आहे. तिचा आशय मात्र हादरवणारा आहे. न्यायाच्या दिवसाला खोटे मानणारा माणूस कोण, असा प्रश्न तिच्यात सुरुवातीलाच आहे. उत्तर असे येते की, जो अनाथाला धक्के मारून घालवतो आणि गरिबाला जेवू घालण्यासाठी कुणाला प्रवृत्त करत नाही, तो. त्यानंतर नमाज पढणाऱ्यांचाच उल्लेख येतो. आपल्या नमाजविषयी बेफिकीर असलेले, लोकांना दिसावे म्हणून ती करणारे आणि 'माऊन' रोखून धरणारे, अशांचा धिक्कार करून सूरह संपते.

म्हणजे दिखाऊ नमाज आणि माऊन नाकारणे या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत. मग हे माऊन आहे तरी काय?

काही विद्वानांनी त्याचा अर्थ जकात असा घेतला. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांचे निकटचे सहकारी हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांचे म्हणणे वेगळे आहे. प्रेषितांच्या काळात बादली, स्वयंपाकाचे भांडे अशा वस्तू शेजाऱ्याला वापरायला देणे यालाच माऊन समजले जाई, असे त्यांनी सांगितले. पुढच्या पिढीतले भाष्यकार इक्रिमा यांनी दोन्ही अर्थ एकत्र बांधले. माऊनचे वरचे टोक म्हणजे संपत्तीवरील जकात आणि खालचे टोक म्हणजे चाळणी, बादली आणि सुई उसनी देणे.

चाळणी, बादली, सुई. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातली ही यादी वाचताना आपल्याच गल्लीतले संवाद ऐकू येतात. "जरा विरजण आहे का?" "तुमची शिडी द्या, पंखा पुसायचाय." "पाहुणे आलेत, दोन गाद्या मिळतील?" शब्द बदलतील, वस्तू बदलतील. आज कुणी गाडीच्या चाकात हवा भरायचा पंप मागेल, कुणी फोन चार्ज करू द्या म्हणेल. कुणा म्हातारीला पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलवर काहीतरी भरून हवे असेल आणि घरात ते येणारे कुणी नसेल. दहा मिनिटांचे काम असते. ते करून देणे हे माऊन आहे, आणि "नंतर या" म्हणून चार वेळा तिला परत पाठवणे हे ते रोखून धरणे आहे.

यात पाण्याचा मान सर्वांत मोठा. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. ज्या शहरात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येते, तिथे शेजारणीला दिलेल्या हंडाभर पाण्याची किंमत कोणत्याही वहीत मांडता येत नाही. रोजा ठेवणाऱ्याला तर तहान म्हणजे काय, हे रोज दुपारी तीन वाजता नव्याने कळते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माणसाला आयुष्यात थंडीतले सोपे रोजेही मिळतात आणि मे महिन्यातले घसा कोरडा पाडणारेही.

तहानेचीच एक कथा हदीसमध्ये आहे. समाजाने बदनाम ठरवलेली एक स्त्री विहिरीजवळून जात होती. तिथे एक कुत्रा तहानेने जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. काढण्यासाठी भांडे नव्हते. तिने पायातले पादत्राण काढले, ओढणीला बांधले, विहिरीत सोडले आणि पाणी काढून त्या कुत्र्याला पाजले. एवढ्या एका कृतीसाठी ईश्वराने तिला क्षमा केली, असे प्रेषितांनी सांगितले. या कथेत ती स्त्री दानशूर नाही, विद्वान नाही, तिच्या उपासनेचा कुठेही उल्लेख नाही. शिवाय पाहणारेही कुणी नव्हते.

पाहणारे कुणी नसणे, हा मुद्दा आजच्या रमजानमध्ये अवघड झाला आहे.

रमजान सुरू झाला की गावोगावी रेशन किट वाटली जातात. तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती, शेवया, खजूर अशी पिशवी. कामाची गोष्ट आहे आणि हजारो घरांचा महिना त्यावर चालतो. पण अनेक ठिकाणी त्या पिशवीवर देणाऱ्याचा फोटो छापलेला असतो. मांडवात फलक असतो. पिशवी घेणाऱ्या बाईला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितले जाते. पिशवीच्या एका टोकाला तिचा हात, दुसऱ्या टोकाला चार-पाच मान्यवरांचे हात. संध्याकाळपर्यंत ते चित्र गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचते. त्या बाईची मुलगी दहावीत असते. तिच्या वर्गातल्या मुलींच्या घरीही ते ग्रुप असतात.

पुढच्या वर्षी ती बाई रांगेत येत नाही. तिची गरज संपलेली नसते, उलट वाढलेलीच असते. वाटप करणारे म्हणतात, यंदा मागणी कमी होती.

उर्दूत अशा माणसांसाठी 'सफेदपोश' असा शब्द आहे. कपडे पांढरेशुभ्र, इस्त्री केलेले, आणि घरात डबा रिकामा. मराठीत झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच. नोकरी गेलेला शिक्षक, यंत्रमाग बंद पडलेला छोटा मालक, नवरा गेल्यावर शिलाईवर घर चालवणारी बाई. ही माणसे हात पसरत नाहीत. कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांचा स्वाभिमान पाहून अजाण माणसाला ती सुखवस्तू वाटतात, ती लोकांच्या मागे लागून काही मागत नाहीत, पण चेहऱ्यावरून ओळखता येतात, असा त्या आयतीचा आशय आहे. म्हणजे ओळखण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे. आधार कार्डाची झेरॉक्स मागून ती पार पडत नाही.

त्याच सूरहमध्ये आणखी एक गोष्ट बजावली आहे. दान देऊन मागून दुखावण्यापेक्षा गोड शब्द बोलून क्षमा करणे चांगले. आणि उपकार बोलून दाखवून, मन दुखावून आपले दान वाया घालवू नका. धर्माचा हिशेब करणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यायला हवे. पिशवी दिली, पैसे खर्च झाले, घेणाऱ्याच्या घरी चूलही पेटली, तरीही देणाऱ्याच्या खात्यावर काही जमा झालेले नसू शकते.

जकातीचे नियम या बाबतीत किती नाजूकपणे घडवलेले आहेत, हे बिगरमुस्लिम वाचकांना सहसा माहीत नसते, आणि खरे तर अनेक मुस्लिमांनाही नसते. गरजा आणि कर्ज वजा जाता ज्याच्याकडे सुमारे ८७.५ ग्रॅम सोने किंवा ६१२ ग्रॅम चांदी किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर राहिली, त्याने त्या शिलकीच्या अडीच टक्के जकात काढायची असते. ती कुणाला द्यायची याचे आठ प्रकार कुरआनने सांगितले आहेत. पण देताना "ही जकात आहे" असे घेणाऱ्याला सांगितलेच पाहिजे, अशी अट नाही. नियत देणाऱ्याच्या मनात असली की पुरे. हनफी धर्मशास्त्रानुसार ती ईदी म्हणून देता येते, मुलांना भेट म्हणून देता येते, इतकेच काय, उसने म्हणून हातात ठेवून मनात जकातीची नियत करता येते. समोरच्याची मूठ झाकलेली राहावी म्हणून धर्मशास्त्रानेच ही वाट मोकळी ठेवली आहे. ही वाट सोडून लोक मांडव का घालतात, हा प्रश्न विचारायलाच हवा. निधी देणाऱ्यांना हिशेब दाखवावा लागतो, हे उत्तर काही संस्था देतात आणि त्यात तथ्य आहे. पण हिशेब पावतीवर दाखवता येतो. त्यासाठी बाईचा चेहरा लागत नाही.

मदिना शहरातली एक कथा या ठिकाणी आठवते. हजरत इमाम हुसैन यांचे पुत्र, ज्यांना जगाने झैनुल आबिदीन या नावाने ओळखले, ते करबलाच्या शोकांतिकेतून वाचले आणि पुढे मदिनेत राहिले. शहरातल्या अनेक गरीब घरांच्या दाराशी रात्रीच्या अंधारात कुणीतरी अन्न ठेवून जात असे. कोण, ते कुणाला माहीत नव्हते. झैनुल आबिदीन यांचे निधन झाले तेव्हा गुस्ल देणाऱ्यांना त्यांच्या पाठीवर काळे वळ दिसले. रात्री पाठीवरून पोती वाहून नेल्याचे ते वळ होते. त्या रात्रीपासून घरांच्या दाराशी अन्न येणे थांबले, तेव्हा लोकांना उलगडा झाला.

मोठे दान वाईट आणि छोटे चांगले, असा अर्थ मात्र यातून काढू नये. २०२० चा रमजान टाळेबंदीत आला. मशिदी बंद, तरावीह घरात, बाजार थंड. त्या वेळी इचलकरंजीतल्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या इंदिरा गांधी सामान्य रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. यंत्रमागाचे गाव, हातावर पोट असलेली हजारो कुटुंबे, आणि त्यांनी ईदचा खर्च आवरून उभी केलेली ही सोय. तिथल्या खाटेवर कोण झोपणार, हे देणाऱ्यांपैकी कुणी विचारले नव्हते.

तरीही असे प्रसंग वर्षानुवर्षांत एखादे. गल्लीतले आयुष्य मात्र रोजचे असते आणि तिथे शेजारी असतो. इस्लाममध्ये शेजाऱ्याच्या हक्कावर जेवढा भर आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. हजरत अबू जर यांना प्रेषितांनी सांगितले होते की, रस्सा शिजवशील तेव्हा त्यात पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. किती व्यवहारी सांगणे आहे हे! मांस वाढव असे म्हटलेले नाही, कारण ते सगळ्यांना परवडणार नाही. पाणी वाढव. रस्सा थोडा पातळ होईल, पण दुसऱ्या घरी पोहोचेल. पत्नी हजरत आयेशा यांनी विचारले होते, दोन शेजारी आहेत, भेट कुणाला पाठवू? उत्तर मिळाले, ज्याचे दार तुझ्या दाराला जास्त जवळ आहे त्याला. दार कुणाचे, कोणत्या धर्माचे, हे त्या उत्तरात नाही. अंतर तेवढे आहे.

प्रेषितांचे सहकारी हजरत अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या घरी एकदा बकरी कापली गेली. ते घरी आले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, आपल्या ज्यू शेजाऱ्याला वाटा पाठवला का? तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद मिळत राहिली की आता त्याला वारसही ठरवले जाईल की काय असे वाटू लागले, हे प्रेषितांचे बोलणे त्यांनी तेव्हा ऐकवले.

आपल्याकडे हे समीकरण कॅलेंडरच कधीकधी जुळवून आणते. २०२४ मध्ये ९ एप्रिलला गुढीपाडवा होता आणि ११ एप्रिलला ईद. दोन दिवसांच्या अंतराने एका घरची पुरणपोळी जिना उतरली आणि दुसऱ्या घरचा शीरखुर्मा जिना चढला. त्याच्या आदल्या वर्षी, २९ जून २०२३ रोजी, आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यात अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे आपणहून ठरवले. कुर्बानी ईदच्या तीन दिवसांत केव्हाही करता येते, त्यामुळे धर्माला कुठे बाधा येत नव्हती. उपवासाच्या दिवशी शेजारच्या वारकऱ्याला अवघडल्यासारखे होऊ नये, एवढाच विचार होता. हातून काही देण्यासारखेच, हात थोडा आवरणे हेही शेजारधर्मात येते.

आणि हात आवरण्याचा विषय निघालाच आहे तर तरावीहच्या वेळी मशिदीबाहेर लागणाऱ्या मोटारसायकलींबद्दल बोलायला हवे. दीड तास नमाज चालते. समोरच्या घराच्या फाटकापुढे तीन गाड्या आडव्या लावलेल्या असतात. आत एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धाप लागली, रिक्षा दारापर्यंत आणायची आहे, आणि गाडीवाला पहिल्या रांगेत हात बांधून उभा. इमानाच्या साठ-सत्तरहून अधिक शाखा आहेत आणि त्यातली सर्वांत साधी शाखा म्हणजे रस्त्यातला अडथळा दूर करणे, ही हदीस त्याच मशिदीत कितीतरी वेळा सांगितली गेलेली असते. अडथळा दूर करणे ही इमानाची पायरी असेल तर तो उभा करणे काय असेल, हे गाडी लावतानाच मनात आले पाहिजे. काही मशिदींत आता दोन-चार तरुण मुले बाहेर उभी राहून गाड्या नीट लावून घेतात. महिनाभर ती मुले जमातीत मागच्या रांगेत पोहोचतात. त्यांचे नाव कुणी ध्वनिक्षेपकावरून घेत नाही.

घराच्या आतही पाहायला हवे. रमजानमध्ये सर्वांत आधी कोण उठते? पहाटे साडेतीनला चूल पेटवणारी बाई. सर्वांच्या सहेरीचे ताट मांडून तिच्या वाट्याला घाईचे दोन घास येतात. दिवसभर तिचाही रोजा असतो. दुपारनंतर पुन्हा ओट्यापाशी, तेही चव न बघता, अंदाजाने मीठ घालत. मगरिबची अजान होते तेव्हा सगळे दस्तरख्वानावर बसलेले असतात आणि ती शेवटची भजी कढईतून काढत असते. मग कुणीतरी म्हणते, "आज चटणीत मीठ कमी झालंय." प्रेषित घरी असताना काय करत, असे हजरत आयेशा यांना विचारले गेले होते. घरच्यांच्या कामात हात लावत, असे त्यांनी सांगितले. चपला स्वतः सांधत, कपड्याला टाका स्वतः घालत. सुन्नत म्हणून खजूर विषम संख्येत मोजून खाणाऱ्या पुरुषांनी कढईपाशी उभे राहण्याच्या या सुन्नतकडे सहसा लक्ष दिलेले नाही. एक दिवस मुलाने फळे कापली, नवऱ्याने भांडी विसळली, तर तिला अजान बसून ऐकता येईल.

हीच गोष्ट हाताखाली काम करणाऱ्यांची. ईदच्या आधीचे पंधरा दिवस शिंप्याच्या दुकानात रात्री दोनपर्यंत मशीन चालते. काजबटण करणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, रोजा धरून. कामगारांवर झेपणार नाही असा भार टाकू नका आणि टाकलाच तर स्वतः त्यांना मदत करा, असे हदीसमध्ये आहे. मजुरी घाम वाळायच्या आत द्या, असेही आहे. चांदरातीला हिशेब "ईदनंतर बघू" म्हणून पुढे ढकलला, तर त्या पोराच्या घरी ईदला नवे कपडे कुठून येणार? दुसऱ्यांचे कपडे तर त्याने महिनाभर शिवलेले असतात.

या महिन्यात भलेपणा एकाच बाजूने वाहतो असेही नाही. सहेरीच्या वेळी दूध मिळावे म्हणून पहाटे अर्धे शटर उघडणारा दूधवाला असतो. कारखान्यात मगरिबच्या वेळी "जा, खजूर खाऊन ये, मी मशीन बघतो" म्हणणारा सोबती असतो. पीटीच्या तासाला रोजेदार मुलाला न विचारता सावलीत वहीकामाला बसवणाऱ्या बाई असतात. डबा उघडण्याआधी जरा पलीकडे जाऊन बसणारे सहकारी असतात. रोजेदाराने कितीही सांगितले की अरे इथेच खा, तरी ते जातात. यातल्या कुणी कुरआनमधला तो शब्द ऐकलेला नसतो. त्यांनी केलेले मात्र तेच असते.

महिन्याच्या शेवटी फितरा येतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी त्या दिवशी जन्मलेल्या बाळामागेही, धान्य किंवा त्याची किंमत. हनफी पद्धतीत माणशी पावणेदोन किलोच्या आसपास गहू, कोकणातल्या शाफई घरांत अडीच किलोच्या आसपास तांदूळ. रक्कम थोडी, पण वेळेची अट कडक. ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी तो गरजूंच्या घरी पोहोचलेला हवा, म्हणजे त्यांच्याही घरी सकाळीच पातेले चढेल. म्हणून अनेक घरे तो आदल्या आठवड्यातच देऊन टाकतात. शेवटच्या क्षणी ईदगाहच्या दारात रांगेतल्या हातांवर नोटा ठेवत जाणे सोपे असते. पण घरचे पातेले नऊ वाजता चढवायचे तर दूध आठला आणायला हवे आणि शेवया आदल्या दिवशी.

चांदरातीला त्या मुलीच्या घरी पाहुणे येणार असतात. शीरखुर्म्याला दहा लिटर दूध आटवायचे असते आणि घरातले सर्वांत मोठे पातेले सहा लिटरचे. मुलगी पुन्हा जिना चढते. काकू माळ्यावरून सत्यनारायणाच्या प्रसादाचे मोठे पितळी पातेले काढून देतात. वर बजावतात, "कल्हई नवीन आहे हं, तारेनं घासू नका."

ईदच्या तिसऱ्या दिवशी पातेले परत येते. चिंचेने घासून लख्ख केलेले, आत शेवयांचा पुडा, मूठभर चारोळी आणि कागदात बांधलेले बदाम. काकू ते उचलून माळ्यावर ठेवतात. अम्मीची खिरीची एक वाटी अजून त्यांच्या फळीवरच आहे. रविवारी शिरा करायचा बेत आहे, तेव्हा ती खाली जाईल.